ऑस्ट्रेलियात नवीन आलात? समुद्रात उतरण्याआधी एवढं वाचा

इथे येऊन महिना-दोन महिने होतात, घर लागतं, डिसेंबरचं ऊन तापायला लागतं आणि कुणीतरी म्हणतं, "चला, रविवारी बीचवर जाऊ." अवश्य जा. पण आपल्यातले बरेच जण पोहायला शिकले ते विहिरीत नाहीतर टँकमध्ये, आणि समुद्र म्हटलं की गुडघाभर पाण्यात उभं राहून लाटा अंगावर घ्यायच्या एवढंच ठाऊक. इथल्या उघड्या किनाऱ्यांवर गुडघाभर पाणीही पाय काढून घेतं. जानेवारी २०२४ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या फिलिप आयलंडच्या फॉरेस्ट केव्ह्ज बीचवर चार भारतीय बुडून गेले. त्या किनाऱ्यावर लाइफसेव्हरचा, म्हणजे बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या रक्षकांचा, पहारा नसतो. त्या बातमीनंतर मी प्रत्येक नव्या कुटुंबाला हे सगळं बसवून सांगते.

पहिला नियम झेंड्यांचा. लाल-पिवळे दोन झेंडे दिसले की त्यांच्या मधेच पाण्यात जायचं, चार पावलं बाजूलाही नाही. त्या दिवशीचं पाणी बघून लाइफसेव्हर झेंड्यांची जागा ठरवतात, त्यामुळे गेल्या रविवारची जागा या रविवारी चालेलच असं नाही. नुसता लाल झेंडा म्हणजे समुद्र बंद. झेंडे नसतील तर वाळूत खेळा, डबा खा, पाण्यात जाऊ नका. संध्याकाळी झेंडे काढले की मुलं कितीही रडली तरी बाहेर यायचं. कुठल्या किनाऱ्यावर कधी पहारा असतो ते 'बीचसेफ' ॲपवर निघण्याआधीच बघता येतं. या पहाऱ्याची किंमत कळायला एक उदाहरण पुरे: ६ फेब्रुवारी १९३८ रोजी सिडनीच्या बाँडाय बीचवर मोठ्या लाटांनी सुमारे अडीचशे माणसं एकदम आत ओढली गेली. पाच जण गेले. बाकीचे परत आले, कारण लाइफसेव्हर तिथे हजर होते.

आता 'रिप'. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात आणि ते पाणी कुठून तरी परत जातंच. वाळूत जिथे खोलगट घळ असते तिथून ते जोरात आत जातं, तो ओढा म्हणजे रिप. तिथे पाणी खोल, म्हणून लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे गडद, शांत पट्टा! नवा माणूस लहान मुलाला घेऊन नेमका त्याच पट्ट्यात शिरतो. म्हणून आल्या आल्या कपडे बदलायला धावू नका. उंचावर उभं राहून दहा मिनिटं पाणी बघा. फेस, शेवाळ, गढूळ वाळू कुठे आत वाहत जाताना दिसते का? तीच ती जागा.

रिपमध्ये सापडलात तर किनाऱ्याकडे हातपाय मारू नका, दम संपतो आणि माणूस दमूनच बुडतो. रिप खाली ओढत नाही, आत नेते. उताणे तरंगा, हात वर करून हाका मारा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, लाटा फुटतायत त्या दिशेने सरका. आणि दुसरं कुणी अडकलं तर रिकाम्या हाताने उडी घेऊ नका, अगदी स्वतःचं मूल असलं तरी. लाइफसेव्हरला बोलवा, ००० या आपत्कालीन नंबरला फोन लावा, बोर्ड, रिकामी बाटली, एस्कीचं (खाणं थंड ठेवायच्या पेटीचं) झाकण, जे तरंगेल ते फेका. वाचवायला गेलेलाच बुडाला असं इथे वारंवार घडतं.

जीन्स किंवा साडी नेसून पाण्यात उतरू नका, भिजली की पायाला लोढणं होतं. उन्हाचं थोडक्यात: यूव्ही (हवामानाच्या ॲपवर दिसणारा, ऊन किती भाजेल ते सांगणारा आकडा) ३ किंवा वर असेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी आणि दर दोन तासांनी सनस्क्रीन. सावळी कातडीही जळते. क्वीन्सलँडच्या उत्तर भागात फिरायला जाणार असाल तर तिथले नियम वेगळे. साधारण नोव्हेंबर ते मे समुद्रात विषारी बॉक्स जेलीफिश असतात, आणि मगरीची पाटी दिसली की पाण्याच्या काठालाही थांबू नका.

खडकांमधल्या डबक्यांबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण मुलं तिथेच रमतात. 'ब्लू-रिंग्ड ऑक्टोपस' हा गोल्फच्या चेंडूएवढा प्राणी. एरवी मातकट दिसतो, डिवचला की अंगावर निळी कडी चमकतात. रिकाम्या शिंपल्यात लपून बसतो. चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही, पण श्वास बंद पडू शकतो, आणि यावर उतारा नाही. तेव्हा ०००, घट्ट बँडेज आणि मदत येईपर्यंत कृत्रिम श्वास. म्हणून मुलांना पहिल्याच दिवशी शिकवा: बघायचं, हात घालायचा नाही, शिंपला खिशात टाकायचा नाही. शिंपले तिथेच राहिले तर त्यात राहणाऱ्यांचंही भलं.

कोरडी वाळूही रिकामी नसते. व्हिक्टोरियात 'हूडेड प्लोव्हर' नावाचा चिमुकला पक्षी ऑगस्ट ते मार्चच्या सुमारास भरतीच्या रेषेच्या जरा वर कोरड्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतो. अंडी वाळूच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. माणूस किंवा कुत्रा जवळ आला की पक्षी उठून दूर पळतो. तुम्ही चटई अंथरून तिथेच बसलात तर तो परतत नाही आणि उघडी अंडी उन्हात भाजतात. पिल्लांना उडता यायला महिनाभराहून जास्त लागतो. दोरी किंवा पाटी दिसली की ओल्या वाळूवरून चाला.

सील हा समुद्री प्राणी वाळूवर आडवा पडलेला दिसला तर तो बहुतेक वेळा आजारी नसतो, विश्रांती घेत असतो. व्हिक्टोरियात ३० मीटर लांब राहायचं, कुत्रा असेल तर ५० मीटर. सेल्फीसाठी जवळ जाऊ नका, चावतो. गळ्यात मासेमारीची दोरी रुतलेली दिसली तरी स्वतः सोडवायला जाऊ नका, वाइल्डलाइफ व्हिक्टोरिया या प्राण्यांना मदत करणाऱ्या संस्थेला कळवा. त्यांचा नंबर निघण्याआधीच फोनमध्ये घाला. किनाऱ्याच्या वाटांवर हिरव्या पाट्या असतात, त्यावर तीन अक्षरं आणि तीन आकडे. गाडीतून उतरलात की त्या पाटीचा फोटो काढून ठेवा, ०००ला फोन करताना तुम्ही नेमके कुठे आहात हे कळायला तीच अक्षरं आणि आकडे सांगायचे.