कन्सॉलिडेशन अडकल्यावर व्हर्च्युअल मशीन कसे सावरावे

मस्जिद बंदरच्या पेढीत किंवा अंधेरीच्या एमआयडीसीतील एखाद्या कार्यालयात हिशोबाचा सर्व्हर अनेकदा व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय होस्टवर (एकाच यंत्रावर अनेक संगणक चालवणाऱ्या सर्व्हरवर) व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक, म्हणून चालत असतो. रात्रीचा बॅकअप त्याचा स्नॅपशॉट घेतो आणि काम झाले की तो काढून टाकतो. हे काढणे अर्धवट राहिले, तर सकाळी डिस्कचे कन्सॉलिडेशन आवश्यक असल्याचा इशारा दिसतो, किंवा मशीन सुरूच होत नाही. त्यात महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-३बी भरण्याची मुदत असली, की लोक घाईने हाती लागेल ते करू लागतात. अशा प्रसंगी डेटा जातो तो बहुतेक वेळा मूळ बिघाडामुळे नव्हे, तर त्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातील उपायांमुळे, असे माझे मत आहे. म्हणून पुढील क्रम शक्यतो मोडू नये.

स्नॅपशॉट म्हणजे डिस्कची प्रत नव्हे. स्नॅपशॉट घेताच मूळ डिस्क गोठवली जाते आणि नंतरचे सर्व लेखन एका वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जाते; खतावणी बंद करून पुढच्या नोंदी सुट्या चिठ्ठ्यांवर लिहिल्यासारखे हे असते. कन्सॉलिडेशन म्हणजे त्या चिठ्ठ्या क्रमाने खतावणीत उतरवणे. त्यामुळे नावात सहा अंकी क्रमांक असलेली फाइल ‘जुनी दिसते’ म्हणून पुसणे, किंवा ‘निदान मशीन तरी सुरू होईल’ म्हणून फक्त मूळ डिस्क जोडून ते चालू करणे, या दोन्ही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. दुसऱ्या चुकीचे परिणाम अधिक वाईट असतात, कारण मशीन खरोखरच सुरू होते, जुन्या तारखेचा डेटा दाखवते आणि मूळ डिस्कवर नवे लेखन करून डेल्टा फाइलींची पुढची साखळी निरुपयोगी करून ठेवते.

सर्वप्रथम बॅकअपचे वेळापत्रक थांबवावे, म्हणजे रात्री आणखी एक स्नॅपशॉट वर चढणार नाही. मग मशीनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक डिस्कच्या फाइलचे नाव पाहावे. स्नॅपशॉट मॅनेजर रिकामा दिसत असूनही नावाच्या शेवटी सहा अंकी क्रमांक असेल, तर मशीन अजून डेल्टावरच चालले आहे असे समजावे. मशीनच्या फोल्डरमधील फाइलींची यादी, त्यांचे आकार व बदलाच्या वेळा नोंदवून ठेवाव्यात आणि व्हीएमवेअर.लॉग ही फाइल वाचावी. अडथळा जागेचा, कुलपाचा (दुसऱ्या कुणी फाइल अडवून धरल्याचा) की साखळीचा, हे बहुधा तिथेच कळते.

कन्सॉलिडेशनचे काम ९९ टक्क्यांवर तासन्‌तास थांबलेले दिसले, तरी ते बंद पडले असे गृहीत धरू नये. मोठ्या डेल्टांना आणि मंद स्टोरेजला तेवढा वेळ लागतो. मूळ डिस्कच्या फाइलची बदलाची वेळ पुढे सरकत असेल, तर काम चालू आहे. तेव्हा होस्ट रीस्टार्ट करणे अंगलट येते.

जागा संपली असेल, तर मशीन मध्येच थांबून प्रश्न विचारते. त्याला लगेच उत्तर देऊ नये. आधी डेटास्टोअरवरील (मशीनच्या फाइली ठेवलेल्या स्टोरेजवरील) जुन्या आयएसओ फाइली, म्हणजे सीडी-डीव्हीडीच्या प्रती, हलवाव्यात किंवा दुसरे एखादे मशीन अन्यत्र न्यावे आणि मगच ‘रीट्राय’ निवडावे. मूळ डिस्क थिन प्रकारची (वापराप्रमाणेच जागा घेणारी) असेल, तर ती कन्सॉलिडेशनमध्ये वाढते. चालू मशीनचे त्या काळातले नवे लेखनही कुठेतरी मावले पाहिजे. मशीन बंद असून केवळ जागेअभावी सुरू होत नसेल, तर त्याची सर्व मेमरी रिझर्व्ह करावी, म्हणजे त्याच्यासाठी राखून ठेवावी. मशीन सुरू होताना लागणारी स्वॅप फाइल (मेमरी कमी पडल्यास वापरायची डिस्कवरील जागा) वाटून दिलेल्या मेमरीतून रिझर्व्ह केलेला भाग वजा करून बनते, त्यामुळे ६४ जीबी मेमरीच्या मशीनमागे जवळजवळ तेवढीच जागा वाचते.

फाइलला कुलूप असल्याचा संदेश आला, तर संशय प्रथम बॅकअपचे काम करणाऱ्या मदतनीस (प्रॉक्सी) मशीनवर घ्यावा. हॉट-ॲड पद्धतीत बॅकअप आपल्या सर्व्हरची डिस्क स्वतःला जोडून घेतो आणि काम फसले की ती तशीच जोडलेली राहते. प्रॉक्सीच्या सेटिंगमधून ती काढावी, परंतु काढताना ‘फाइली डिस्कवरून पुसा’ या चौकटीत चुकूनही खूण करू नये. तिथे काही सापडले नाही, तर होस्टवरील डिस्क-फाइली हाताळणारी व्हीएमकेएफएसटूल्स ही आज्ञा मोठ्या ‘डी’ पर्यायासह चालवावी. कुलूप धरून बसलेल्या होस्टचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) त्यातून मिळतो. कुलूप सुटल्यावर पुन्हा कन्सॉलिडेट करावे. तरीही काम होत नसेल, तर एक नवा स्नॅपशॉट घेऊन ‘डिलीट ऑल’ निवडावे. तुटक राहिलेले डेल्टा अनेकदा यानेच मार्गी लागतात.

साखळीच तुटलेली असेल, तेव्हा मात्र सावकाश जावे लागते. प्रत्येक डिस्कची एक छोटी वर्णन-फाइल असते आणि तिच्यात स्वतःचा सीआयडी (ओळख-आकडा) व ती ज्या आधीच्या डिस्कवर आधारलेली आहे तिचा आकडा पॅरेंट-सीआयडी म्हणून लिहिलेला असतो. मूळ डिस्कचा पॅरेंट-सीआयडी म्हणजे आठ वेळा ‘एफ’. पुढच्या प्रत्येक फाइलचा पॅरेंट-सीआयडी आधीच्या फाइलच्या सीआयडीशी जुळला पाहिजे. न जुळल्यास मूळ डिस्क नंतर बदलली गेल्याची त्रुटी येते. दुरुस्तीपूर्वी मशीन बंद करून संपूर्ण फोल्डर दुसऱ्या स्टोरेजवर उतरवून घ्यावे. त्यासाठी लॅमिंग्टन रोडवरून मोठी डिस्क आणावी लागली, तरी तो खर्च टाळू नये. मग त्या प्रतीतील धाकट्या, म्हणजे नंतरच्या, फाइलमध्ये योग्य पॅरेंट-सीआयडी लिहावा आणि व्हीएमकेएफएसटूल्सच्या ‘ई’ पर्यायाने शेवटच्या डेल्टापासून साखळी तपासावी. इथे एक इशारा आवश्यक आहे. आकडे जुळवल्याने साखळी उघडते, पण मूळ डिस्कवर मध्यंतरी खरोखर लेखन झाले असेल, तर आतला डेटा सुसंगत असेलच असे नाही.

म्हणून साखळी जुळल्यावरही मी जागच्या जागी कन्सॉलिडेशन करत नाही. व्हीएमकेएफएसटूल्सच्या ‘आय’ पर्यायाला शेवटची डेल्टा फाइल दिली, की संपूर्ण साखळी वाचून एक सलग नवी डिस्क तयार होते आणि जुन्या फाइली जशाच्या तशा राहतात. ती डिस्क नव्या मशीनला जोडावी, नेटवर्क तोडूनच ते सुरू करावे, विंडोजमध्ये चेकडिस्क किंवा लिनक्समध्ये एफएससीके ही डिस्क-तपासणी चालवावी आणि हिशोबनीसाला बोलावून शेवटच्या दिवसाच्या नोंदी त्यांच्या डोळ्यांनी पाहून घ्याव्यात. डेटाबेस उघडला म्हणजे तो पूर्ण आहे, असा निष्कर्ष संगणक विभागाने परस्पर काढू नये.

हे काम रविवारी ठेवणार असाल, तर मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहून हिशोबनिसाला वेळ द्यावी. नवे मशीन रुजू झाल्यावर स्नॅपशॉटच्या आकारावर अलार्म लावावा आणि एकही स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, ही व्हीएमवेअरची शिफारस पाळावी. साखळीत ३२ स्नॅपशॉट चालतात, परंतु २ ते ३ च्या पुढे जाऊ नये असे तीच कंपनी सुचवते. जुने फोल्डर मात्र नव्या मशीनचा पूर्ण बॅकअप घेऊन तो एकदा वेगळ्या ठिकाणी रीस्टोअर करून पाहीपर्यंत पुसू नये.