माथेरानात पायी कसं फिरायचं

नेरळ स्टेशनबाहेरची शेअर टॅक्सी घाट चढून दस्तुरी नाक्यावर सोडते. गाडीची हद्द तिथे संपते. प्रवासी कर भरून आत शिरलात की घोडेवाले आणि हमाल एकदमच पुढे येतात. गोंधळू नका. बाजारपेठ इथून अडीच-तीन किलोमीटरवर आहे, चढ सौम्य आणि सावली दाट. बॅगा हमालाकडे द्या, हॉटेलचं नाव सांगा, पैसे आधी ठरवा आणि मोकळ्या हातांनी चालायला लागा.

माझ्या आईला गुडघ्यांमुळे एवढं चालणं झेपत नाही. तिला मी नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून शटलमध्ये बसवते, ती थेट बाजारात उतरते. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन बंद असते, पण ही शटल तेव्हाही चालते. ई-रिक्षाही आता आहेत. त्या आल्या याचा मला फार आनंद आहे, कारण माणसानं माणसाला ओढत चढ चढायचा हे बघवत नसे. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं.

पॉइंट बघताना एका वेळी एकच दिशा धरा. पहाटे उत्तरेचा पॅनोरमा. तो लांब आहे, म्हणून टॉर्च हवाच. दुपारनंतर शार्लोट लेक, तिथलं पिसरनाथाचं देऊळ, मग लॉर्ड, एको आणि लुईझा. ही वाट मला सगळ्यांत आवडते. दक्षिणेचे अलेक्झांडर, रामबाग आणि वन ट्री हिल दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. सगळं एका दिवसात उरकायला गेलात तर काहीच धड बघून होत नाही.

पायात पकड असलेले बूट घाला. जांभ्याची लाल माती उन्हाळ्यात गुडघ्यापर्यंत उडते, त्यामुळे पांढरे कपडे घरीच बरे. पावसात तोच जांभा शेवाळतो. दगडावर नाही, मातीवर पाय टाका. मागून घोडा आला तर दरीकडे सरकू नका, डोंगराच्या बाजूला उभे राहा. खाऊची पिशवी हातात लोंबकळू देऊ नका, माकडं ती हिसकावतातच. सॅकमध्ये ठेवून चेन लावा.

रविवारी परतताना शटलला झुंबड असते. सोबत वयस्कर माणूस असेल तर सकाळीच स्टेशनवर जाऊन तिकिटाची खिडकी कधी उघडते ते विचारून ठेवा.