क्रिटिकल केअरची परीक्षा: एबीजी कसा सोडवावा

डीआरएनबी असो वा आयडीसीसीएम (दोन्ही क्रिटिकल केअरच्या परीक्षा), एबीजीच्या, म्हणजे धमनीतल्या रक्तातील वायू-आम्ल तपासणीच्या प्रश्नात मार्क जातात ते घाईने. रोज नवे पाच रिपोर्ट कागदावर, एकाच क्रमाने सोडवा. अ‍ॅपला हात लावू नका.

समजा, सेप्सिसचा रुग्ण: पीएच ७.१८, पीसीओटू (रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब) ३२, बायकार्बोनेट १२, सोडियम १३८, क्लोराइड १००, अल्ब्युमिन २.

पीएच कमी, बायकार्बोनेटही कमी, म्हणजे मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिस (श्वासाशिवाय इतर कारणाने रक्त आम्लधर्मी). आता अपेक्षित पीसीओटू काढा: १.५ × १२ + ८, म्हणजे २६, दोन इकडे-तिकडे. प्रत्यक्षात ३२ आहे. बहुतेक जण इथेच फसतात. आकडा ४० पेक्षा कमी दिसतो, म्हणून 'कॉम्पेन्सेटेड' (श्वास वाढवून शरीराने पुरेशी भरपाई केली) लिहून मोकळे होतात. खरं तर सोबत रेस्पिरेटरी अ‍ॅसिडोसिस आहे, म्हणजे श्वास कमी पडून कार्बन डायऑक्साइड साठतोय. रुग्ण श्वास घेऊन थकतोय का, हे परीक्षकाला तुमच्या तोंडून ऐकायचं असतं.

मग अ‍ॅनायन गॅप (रक्तातल्या न मोजलेल्या ऋण आयनांचा अंदाज): १३८ − (१०० + १२) = २६. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितके ग्रॅम कमी, त्या प्रत्येकामागे २.५ मिळवा, गॅप ३१ होतो. ही दुरुस्ती आयसीयूत विसरून चालतच नाही, कारण तिथे अल्ब्युमिन क्वचितच नॉर्मल असतं. शेवटी डेल्टा रेशो (गॅप नॉर्मल १२ पेक्षा किती वाढला ÷ बायकार्बोनेट नॉर्मल २४ पेक्षा किती घटलं): (३१ − १२) ÷ (२४ − १२), सुमारे १.६. १ ते २ मध्ये बसतो, म्हणजे आणखी एखादा मेटाबॉलिक बिघाड शोधत बसू नका. लॅक्टेट मागा.

व्हेंटिलेटरच्या प्रश्नात आधी प्लॅटो प्रेशर (श्वास आत घेऊन हवा थांबवल्यावरचा दाब) बघा. पीक (हवा आत जातानाचा सर्वोच्च दाब) वाढलं पण प्लॅटो तसंच, तर अडथळा ट्यूब किंवा श्वासनलिकांत. दोन्ही वाढले, तर फुप्फुस, प्लुरा किंवा छातीची भिंत तपासा.