शहरात कुठल्या सेवा कमी पडतायत हे शोधताना या चुका टाळा

शहरातल्या लोकांना नेमकी कसली मदत लागते आणि ती कुठे कमी पडतेय हे बघायचं काम हातात आलं की बहुतेक टीम पहिल्याच आठवड्यात प्रश्नावली बनवायला बसतात आणि गडबड तिथूनच सुरू होते. सेवा म्हणताना मी इथे निवारा, जेवणाची मदत, समुपदेशन, पाळणाघर, म्हाताऱ्या माणसांची घरी येऊन काळजी, व्यसनमुक्ती, अपंगांसाठीच्या सोयी, कायदेशीर सल्ला, नोकरी शोधायला मदत असं सगळं धरतोय. या कामातली चूक रिपोर्ट वाचून कळत नाही, ती कळते दोन वर्षांनी, जेव्हा नवीन केंद्र उघडलेलं असतं, स्टाफ बसलेला असतो आणि ज्याच्यासाठी ते उघडलं तो माणूस काही येत नाही. माझं म्हणणं एकच आहे, जे लोक सेवेच्या दारापर्यंत आलेच नाहीत त्यांना शोधल्याशिवाय गॅप किती आहे हे कुणीच सांगू शकत नाही, आणि खाली लिहिलेल्या बहुतेक चुका या एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात.

निर्णय कोण घेणार हे आधी विचारलंच नाही

अभ्यास कशासाठी चाललाय? पुढच्या बजेटमधे पैसे कुठे टाकायचे यासाठी, की आहे त्या केंद्रांच्या वेळा आणि जागा बदलायच्या म्हणून? दोन्हीला लागणारा डेटा वेगळा असतो. बजेट ठरून गेल्यावर आलेला रिपोर्ट कितीही चांगला असला तरी वर्षभर कपाटात जातो, म्हणून तारीख आधी विचारा आणि मग उलट मोजत कामाचा प्लॅन करा.

जेवढा वापर तेवढीच गरज धरली

ही सगळ्यात मोठी चूक, आणि होते पण सहज, कारण वापराचा डेटा तयार मिळतो. समुपदेशन केंद्रात अमुक लोक आले, निवाऱ्यात तमुक खाटा भरल्या, झालं, हीच गरज असं लिहून टाकतात. १९७२ मधे जोनाथन ब्रॅडशॉ या ब्रिटिश अभ्यासकाने गरजेचे चार प्रकार मांडले होते ते इथे अजूनही फार कामाला येतात. एक, तज्ज्ञांनी निकष लावून ठरवलेली गरज. दोन, लोकांना स्वतःला वाटणारी. तीन, मागणी म्हणून प्रत्यक्ष पुढे आलेली, म्हणजे अर्ज, फोन, वेटिंग लिस्ट. आणि चार, तुलनेतून दिसणारी, म्हणजे सारखीच परिस्थिती असलेल्या दुसऱ्या वस्तीला जे मिळतंय ते या वस्तीला मिळत नाही. वापराचे आकडे यातल्या फक्त तिसऱ्या प्रकाराबद्दल बोलतात आणि तेही अर्धवट.

चारही बाजूंनी बघितलं की आकडे जुळत नाहीत आणि खरं काम तिथेच असतं. समजा तज्ज्ञांच्या निकषाने एका भागात बाळंतपणानंतरच्या मानसिक त्रासासाठी मदत लागायला हवी, पण तिथून एकही अर्ज नाही. याचा अर्थ गरज नाही असा लगेच काढू नका. कदाचित सेवा आहे हे माहितीच नसेल, कदाचित घरचे जाऊ देत नसतील, कदाचित एकदा जाऊन वाईट अनुभव आलेला असेल. यातलं कुठलं कारण आहे हे त्या भागात जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही, टेबलावर बसून तर नाहीच.

वेटिंग लिस्ट रिकामी दिसली तर खूष होऊ नका. लिस्ट रिकामी असायची बरीच कारणं असतात, रांग फार लांब झाली म्हणून नाव घेणंच बंद केलेलं असतं, लोक वाट बघून कंटाळून गेलेले असतात, किंवा ज्या संस्था लोकांना तिकडे पाठवायच्या त्यांनीच पाठवणं सोडलेलं असतं कारण उपयोग होत नाही हे त्यांना कळून चुकलेलं असतं. उपाय सोपा आहे, केंद्राच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला विचारा की गेल्या महिन्यात किती जणांना नाही म्हणावं लागलं आणि का. अशी नोंद ठेवत नसतील तर एक साधी वही सुरू करून द्या, तारीख, काय मागितलं, का देता आलं नाही, कुठे पाठवलं, बस्स, नाव लिहायची पण गरज नाही. दोन-तीन महिन्यांत ही वही भल्याभल्या सर्व्हेपेक्षा जास्त सांगते. हेल्पलाइन असेल तर तिथेही हेच, फोन किती आले यापेक्षा किती फोनवर देण्यासारखं काहीच नव्हतं ते मागा.

नकाशावर ठिपका आहे म्हणजे सेवा आहे

सेवांची यादी करून नकाशावर ठिपके टाकतात, प्रत्येक ठिपक्याभोवती एक-दोन किलोमीटरचं वर्तुळ काढतात आणि वर्तुळात आलेल्या सगळ्यांना सेवा मिळते असं धरून चालतात. मधे रेल्वेलाइन असते, नाला असतो, आठ लेनचा रस्ता असतो, तो ओलांडायला वळसा घालून जायचं म्हटलं की अंतर तिप्पट. सरळ रेषेऐवजी चालायला किंवा बसने प्रत्यक्ष किती वेळ लागतो ते मोजा, आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला किंवा कडेवर मूल घेतलेल्या बाईला किती लागतो ते वेगळं मोजा.

अंतर हा पण एकच भाग झाला. पेंचान्स्की आणि थॉमस या अभ्यासकांनी १९८१ मधे सेवा मिळण्याच्या पाच बाजू सांगितल्या होत्या, सेवा पुरेशी आहे का, तिथे पोचता येतं का, वेळ आणि पद्धत सोयीची आहे का, परवडते का, आणि तिथलं वागणं, वातावरण लोकांना पटतं का. यादीतल्या प्रत्येक सेवेपुढे हे पाच रकाने टाका. सकाळी १० ते ५ उघडं असणारं केंद्र रोजंदारीवर जाणाऱ्या माणसासाठी बंदच असतं. अर्ज फक्त ऑनलाइन, फॉर्म एकाच भाषेत, कागदपत्रं मागतात ती बेघर माणसाकडे असणं शक्यच नाही, असं असेल तर तो ठिपका त्या माणसापुरता पुसून टाका.

यादी जुनी असते हे तर आहेच. प्रत्येक नंबरवर स्वतः फोन करा, गरजू माणूस बोलेल तसं विचारा की उद्या येऊ का, काय काय आणायचं. बंद पडलेल्या, जागा बदललेल्या, नवीन लोक घेणं थांबवलेल्या संस्था अशाच सापडतात.

एकाच माणसाला चार ठिकाणी मोजलं

पाच संस्थांनी प्रत्येकी २०० लोकांना मदत केली म्हणजे १००० लोक होत नाहीत, कारण तीच बाई जेवणाच्या केंद्रावर पण येते, निवाऱ्यात पण, दवाखान्यात पण. आणि उलटी चूक पण होते, यातल्या कुठल्याच यादीत नसलेला माणूस कुणाच्याच हिशोबात येत नाही.

इथे एक जुनी युक्ती आहे, मूळची तळ्यातले मासे आणि जंगलातले प्राणी मोजायची, पण बेघर किंवा व्यसन असलेल्या लोकांसाठी पण वापरतात. समजा एका यादीत २०० जण, दुसऱ्या यादीत १५०, आणि दोन्हीत असलेले ३०. मग एकूण अंदाज २०० गुणिले १५० भागिले ३०, म्हणजे १०००. दोन याद्यांत मिळून ३२० माणसं दिसत होती आणि अंदाज निघाला तिप्पट. पण यात अट आहे, दोन याद्या एकमेकींवर अवलंबून नकोत. पहिली संस्थाच लोकांना दुसरीकडे पाठवत असेल तर समान नावं जास्त येतात आणि अंदाज खऱ्यापेक्षा कमी पडतो. म्हणून हा आकडा रिपोर्टमधे एकटा टाकू नका, याद्या कुठून आल्या ते सोबत लिहा. नावं जुळवताना गुप्ततेची काळजी घ्या, कोड वापरा, आणि काम झालं की ओळखीची माहिती नष्ट करा.

सर्व्हे: प्रश्नच चुकीचे, उत्तरं देणारे पण तेच ते

'तुम्हाला समुपदेशनाची गरज आहे का?' असं विचारलं तर बहुतेक लोक नाही म्हणतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही, कारण आपल्याला सेवेचं नाव लावून प्रश्न विचारायची सवय असते आणि लोक जगतात अडचणींमधे. असं विचारा, गेल्या ३ महिन्यांत मदत हवी होती पण मिळाली नाही असं कधी झालं का, तेव्हा काय केलंत, कुणाकडे गेलात, पुढे काय झालं. अपंगत्वाच्या आकडेवारीसाठी वॉशिंग्टन ग्रुप या आंतरराष्ट्रीय गटाने बनवलेले ६ प्रश्न याच विचाराने केलेत, त्यात अपंग हा शब्दच येत नाही, बघायला, ऐकायला, चालायला, लक्षात ठेवायला, स्वतःचं आवरायला, बोलून समजवायला किती अडचण येते एवढंच विचारतात. लोक लेबल नाकारतात पण अडचण सांगतात.

घरातल्या एकाच कर्त्या माणसाला सगळ्यांच्या वतीने विचारलं तर म्हाताऱ्या आईला काय लागतं, सुनेला काय लागतं ते येतच नाही. दुपारीच सर्व्हे केला तर कामावर जाणारे सुटतात, फक्त लिंक पाठवली तर ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तेच सुटतात. भाषा येत नाही म्हणून घरातल्या लहान मुलाला मधे दुभाषा करू नका, आईचं दुखणं किंवा घरातली मारहाण मुलाच्या तोंडून कशी सांगणार ती.

मारहाणीबद्दल विचारायचं असेल तर आधी प्रशिक्षण, पूर्ण एकांत, आणि लगेच मदत देता येईल अशी सोय, या तीन गोष्टी नसतील तर तो प्रश्न काढूनच टाका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांमधे तर एका घरात एकाच बाईला हे प्रश्न विचारा असं आहे, म्हणजे काय विचारलं ते घरात बाकीच्यांना कळू नये. आपल्याला आकडा मिळाला आणि तिच्यावर संध्याकाळी संकट आलं, असं होता कामा नये.

सॅम्पलचं पण बघा. नीट रँडम निवडलेल्या ४०० लोकांवर साधारण ५ टक्के इकडेतिकडे धरून बोलता येतं. पण त्यात एकटे राहणारे ज्येष्ठ जर ४०च असतील तर तोच फरक १५ टक्क्यांवर जातो, म्हणजे त्यांच्याबद्दल ठाम काही बोलता येत नाही. ज्या गटासाठी निर्णय घ्यायचाय त्या गटातून मुद्दाम जास्त लोक घ्या आणि शहराची टक्केवारी काढताना वजन लावून, म्हणजे त्या गटाचा वाटा शहरात खरोखर आहे तेवढाच धरून, ते परत सरळ करा.

सरासरीवर विश्वास ठेवला

शहराची सरासरी चांगली असू शकते आणि एक वस्ती कोरडी राहिलेली असू शकते. वेल्समधे डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मधे लिहिलं होतं की चांगली वैद्यकीय सेवा जिथे गरज जास्त तिथे कमी मिळते, आणि बाकी सेवांनाही हे बरंच लागू पडतं. म्हणून आकडे वॉर्डाच्याही खालच्या पातळीवर बघा, पण अगदी ४-५ माणसांचे आकडे छापू नका, माणूस ओळखू येतो. आणि वस्ती गरीब म्हणून तिथला प्रत्येक जण गरजू, हे पण धरू नका.

मीटिंगमधे सगळे एकच बोलतायत

असं झालं तर लोकांमधे एकमत आहे असं समजू नका, आधी खोलीत कोण आलंय ते बघा. संस्थाचालक, नेहमीचे कार्यकर्ते, मोकळा वेळ असणारे. तरुण मुलांना मोठ्यांबरोबर, भाडेकरूंना मालकांबरोबर बसवून खरं ऐकू येत नाही, गट वेगळे करा, त्यांच्या जागी जा, वेळेचे आणि प्रवासाचे पैसे द्या, मुलं सांभाळायची सोय करा. आणि काय नाही एवढंच विचारू नका, अडचणीत पहिल्यांदा कुणाचं दार वाजवता हे पण विचारा. वस्तीत आधीच कुणीतरी हे काम न बोलता करत असतं, कित्येकदा तिथे जोर देणं नवीन ऑफिस उघडण्यापेक्षा लवकर लागू पडतं.

सगळ्या गॅपना एकच औषध

रिपोर्टच्या शेवटी 'सेवा वाढवाव्यात' असं लिहिलं तर कुणालाच काही करता येत नाही. प्रत्येक गॅपपुढे प्रकार लिहा. सेवाच नाही, तर उभी करावी लागेल. आहे पण पुरत नाही, तर माणसं आणि खाटा वाढवा. पुरते पण पोचता येत नाही, तर वेळ, जागा, भाषा, कागदपत्रं बदला, हे बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त असतं. लोक येतात पण दुसऱ्यांदा येत नाहीत, तर आत काय होतंय ते बघा, तिथे अजून पैसे ओतून उपयोग नाही.

छापायच्या आधी रिपोर्टचा मसुदा ज्यांनी उत्तरं दिली त्यांच्यासमोर त्यांच्या भाषेत वाचून दाखवा आणि कुठे चुकलंय ते विचारा, दुरुस्त्या हमखास निघतात. मग प्रत्येक शिफारशीपुढे जबाबदार विभाग आणि तारीख टाका, आणि नकाराच्या त्या वह्या पुढेही चालू ठेवा, सहा महिन्यांनी त्याच काउंटरवर जाऊन बघा, नाही म्हणायची कारणं बदलली की तीच आहेत.