ऑनलाइन शाळेत मूल मागे पडतंय? आधी हे करून बघा

मूल कॅमेरा बंद करून बसतंय, अभ्यास म्हटलं की पोट दुखतंय, तर लगेच आळशी ठरवू नका. एखादा क्लास शेजारी बसून बघा नेमकं कुठे अडतंय, आवाज तुटतोय, बाईंचा वेग झेपत नाहीये की मागच्याच वर्षीचं गणित कच्चं राहिलंय, कारण प्रत्येकाला उपाय वेगळा. गणितच असेल तर ई-बालभारतीच्या साइटवर मागच्या इयत्तेचं पुस्तक फुकट मिळतं, रोज वीस मिनिटं तेवढंच करा, वहीत.

ऑनलाइन शिक्षणासाठीच्या केंद्राच्या २०२० च्या प्रज्ञाता गाइडलाइनमध्ये पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोनच सेशन सांगितलीत, शाळा खूपच ताणत असेल तर वर्गशिक्षकांशी बोला, बिनधास्त.

संध्याकाळी फोन घरी ठेवून तळजाईसारख्या (पुण्यातली) टेकडीवर न्या, तिथे मार्कांचा विषय नको. आणि शेजारच्यांच्या मुलाशी तुलना प्लीज अजिबात नको, पोरं ते विसरत नाहीत.

झोप उडाली, जेवण सुटलं किंवा 'मला जगायचंच नाही' असं काही बोललं तर वाट बघू नका, एकटं सोडू नका, टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, २४ तास चालू असतं.