वेबसाइट हॅक झाली? साफसफाईच्या घाईत या चुका टाळा

वेबसाइट हॅक झाली की कंपनीत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, ‘आधी साइट सुरू करा!’ मग कुणीतरी सगळ्या फाइल्स उडवतो, मागच्या आठवड्याचा बॅकअप चढवतो, ॲडमिनचा पासवर्ड बदलतो आणि संकट टळलं म्हणून घरी जातो. काही दिवसांत साइट पुन्हा हॅक! हॅकर फार हुशार असतो असं नाही. तो ज्या वाटेने शिरला, ती वाट बॅकअपमध्येही जशीच्या तशी असते. मोठ्या टेक कंपन्यांची प्रकरणं चाळली तरी हेच दिसतं: आत शिरायला फारशी करामत लागलेली नसते, खरा गोंधळ कळल्यानंतर होतो.

पुरावा पुसून टाकणं

काहीही डिलीट करण्याआधी सर्व्हरचा (साइट चालवणाऱ्या मशीनचा) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची पूर्ण प्रत, घ्या आणि लॉग (कोण कधी आलं, काय उघडलं याच्या नोंदी) दुसऱ्या ठिकाणी कॉपी करा. बऱ्याच होस्टिंगवर जुने लॉग आपोआप उडतात, त्यामुळे ‘उद्या बघू’ म्हणून चालत नाही. मशीन नेटवर्कपासून तोडा, पण लगेच बंद करू नका. मेमरीत चालू असलेलं सगळं त्यासोबत जातं.

मग शोध सुरू करा. फोटो ठेवायच्या अपलोड फोल्डरमध्ये पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, दिसली तर तिचं तिथे काही काम नसतं. ती बहुतेक वेळा हॅकरने ठेवलेली वेबशेल असते, म्हणजे सर्व्हरला दुरून हुकूम द्यायची स्क्रिप्ट. त्या फाइलवर पहिली रिक्वेस्ट कोणत्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) आली ते पाहा आणि त्याच आयपीने त्याआधी काय काय उघडलं होतं, ते लॉगमध्ये मागे मागे जात वाचा. शिरकावाची जागा अनेकदा तिथेच सापडते. फाइलच्या तारखेवर मात्र विसंबू नका, ती खोटी करता येते. सर्व्हरवरचा कोड मूळ कोडशी ताडून पाहणं जास्त भरवशाचं. क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं), नवे ॲडमिन युजर, एसएसएच की (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या डिजिटल किल्ल्या) आणि डेटाबेसमध्ये घुसवलेल्या स्क्रिप्ट या चार जागा तपासल्याशिवाय ‘साफ झालं’ असं कुणालाही सांगू नका.

‘मला तर साइट नीट दिसते’

दिसेलच. मोबाइलवरून किंवा सर्चमधून येणाऱ्यांनाच भलतीकडे पाठवायचं आणि थेट पत्ता टाकून येणाऱ्या मालकाला खरी साइट दाखवायची, ही जुनी युक्ती आहे. त्यामुळे दुसऱ्या नेटवर्कवरून, लॉग आउट करून, सर्चमधून साइट उघडून पाहा. फेब्रुवारी 2016 मध्ये लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या साइटवर वर्डप्रेसमधून (साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) हल्लेखोर शिरला. त्याने साइटची तोडफोड केली नाही, डाउनलोडची लिंक बदलून बॅकडोर (छुपा चोरदरवाजा) असलेल्या आयएसओकडे, म्हणजे सिस्टिमच्या इन्स्टॉल फाइलकडे, वळवली. पानं नुसती डोळ्यांनी तपासून हे कळलं नसतं.

एकच पासवर्ड बदलून हुश्श करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक माझ्या मते हीच. पासवर्ड बदलला तरी सुरू असलेली सेशन (आधीच झालेली लॉगिन), एपीआय टोकन (प्रोग्रॅमना प्रवेश देणाऱ्या किल्ल्या) आणि सर्व्हिस अकाउंट (माणसांऐवजी प्रोग्रॅम वापरतात ती खाती) जिवंत राहू शकतात. सर्कलसीआय या सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरच्या लॅपटॉपमध्ये डिसेंबर 2022 मध्ये मालवेअर शिरलं आणि त्याने सेशन कुकी, म्हणजे लॉगिन झाल्याची ब्राउझरमधली खूण, चोरली. टू-फॅक्टर (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) आधीच पूर्ण झालेलं सेशन हाती लागल्यावर त्या टू-फॅक्टरचा काय उपयोग? पुढच्याच महिन्यात कंपनीला सगळ्या ग्राहकांना आपापली सिक्रेट्स (तिथे ठेवलेले पासवर्ड आणि टोकन) बदलायला सांगावं लागलं.

वेबसाइटना सुरक्षा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअरचा किस्सा तर शिकवणीसाठीच घडल्यासारखा आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये ऑक्टा या लॉगिन सेवा देणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट सिस्टिममधून क्लाउडफ्लेअरची क्रेडेन्शियल्स (लॉगिनची माहिती) चोरीला गेली. ती बदलताना एक टोकन आणि तीन सर्व्हिस अकाउंट राहून गेली, कारण ती वापरात नाहीत असा समज होता. नोव्हेंबरमध्ये हल्लेखोर नेमका त्यांच्याच जोरावर अंतर्गत विकी आणि सोर्स कोडपर्यंत पोहोचला. वापरात नाही असं वाटणारी किल्ली आधी रद्द करा; वापरात आहे की नाही यावर वाद नंतर घाला.

आणि हे सगळं एका दमात करा. कोड स्पेसेस या ग्राहकांचा कोड साठवणाऱ्या कंपनीने जून 2014 मध्ये आपल्या ॲमेझॉन क्लाउडच्या कंट्रोल पॅनेलचा ताबा परत घ्यायला पासवर्ड बदलले, पण हल्लेखोराने स्वतःसाठी आणखी लॉगिन आधीच बनवून ठेवले होते. हालचाल दिसताच त्याने डेटा उडवायला सुरुवात केली. बॅकअपही त्याच खात्याच्या आवाक्यात होते, तेही बरेचसे गेले. कंपनी बंद पडली. म्हणून निदान एक बॅकअप अशा खात्यात ठेवा, ज्यात मुख्य खात्याच्या लॉगिनने शिरताच येत नाही.

विसरलेली पानं, उष्टे पासवर्ड

टॉकटॉक या ब्रिटिश टेलिकॉम कंपनीवर 2015 मध्ये एसक्यूएल इंजेक्शनने (वेबपानातून डेटाबेसला चोरून हुकूम देऊन) हल्ला झाला, तो टिस्काली या कंपनीच्या विकत घेतलेल्या ब्रिटनमधल्या व्यवसायाकडून आलेल्या जुन्या पानांमधून. त्या त्रुटीवरचा पॅच (दुरुस्ती) साडेतीन वर्षांपासून उपलब्ध होता! आपल्या नावावर कोणती सबडोमेन (मुख्य पत्त्याखालचे उपपत्ते) अजून सुरू आहेत, याची यादी आजच काढा. ड्रॉपबॉक्स आणि झोमॅटो, दोन्हीकडे कर्मचाऱ्याने दुसऱ्या साइटवर वापरलेलाच पासवर्ड कामाच्या खात्याला ठेवला होता. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. प्रत्येक साइटचा वेगळा पासवर्ड लक्षात ठेवणारा पासवर्ड मॅनेजर वापरा.

आकडा कमी सांगणं, किंवा सांगणंच टाळणं

ॲडोबीने 2013 मध्ये आधी 29 लाख ग्राहक सांगितले, मग 3 कोटी 80 लाख सक्रिय खाती. 2013 च्या चोरीबद्दल याहूने 2016 मध्ये 100 कोटी खाती सांगितली आणि 2017 मध्ये आकडा 300 कोटींवर नेला, म्हणजे सगळीच. तपास चालू असताना खरा आकडा माहीत नसतो हे मान्य. तर मग तो सांगायचा अट्टहास कशाला? उबरने उलट टोक गाठलं. 2016 मध्ये 5 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली, तेव्हा हॅकरना 1 लाख डॉलर देऊन प्रकरण दडपलं. वर्षभराने ते बाहेर आलं आणि 2022 मध्ये तेव्हाच्या सुरक्षाप्रमुखाला न्यायालयाने दोषी ठरवलं.

ग्राहकांना पाठवायच्या सूचनेत चार गोष्टी पुरतात: काय घडलं, कोणत्या प्रकारची माहिती गेली असू शकते, त्यांनी आत्ता काय करायचं आणि पुढची माहिती कोणत्या तारखेला मिळेल. ‘तुमची सुरक्षितता हेच आमचं प्राधान्य’ हे वाक्य खोडून टाका, आणि दिलेली तारीख पाळा, त्या दिवशी सांगायला नवीन काही नसलं तरी.