मोठी मूळ संख्या तपासताय? या चुका टाळा

‘दिलेली संख्या मूळ आहे का’ हा प्रोग्रॅम पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना पहिल्याच वर्षी भेटतो. ९७ टाकलं, उत्तर बरोबर आलं, जर्नलवर सही झाली. मग कुणीतरी गंमत म्हणून स्वतःचा मोबाईल नंबर टाकतो आणि भलतंच काहीतरी छापून येतं. अशा वेळी गणितावर संशय घेऊ नका, आधी व्हेरिएबलचा टाइप बघा. ३२ बिटांच्या इंटमध्ये (पूर्णांक ठेवायचा नेहमीचा टाइप) जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतात. आपले मोबाईल नंबर ६ ते ९ या अंकांनी सुरू होतात, म्हणजे एकही त्यात बसत नाही.

गंमत म्हणजे ही २१४७४८३६४७ स्वतःच मूळ आहे. २चा ३१वा घात वजा १. ऑयलरने १७७२ मध्ये, अर्थातच कॉम्प्युटरशिवाय, ते सिद्ध केलं. ती इंटमध्ये नेमकी मावते, तरीही बऱ्याच जणांचा प्रोग्रॅम काही सेकंद अडकतो आणि ‘मूळ नाही’ म्हणतो. कारण लूपची अट: भाजकाचा वर्ग संख्येपेक्षा लहान किंवा तितकाच असेपर्यंत चालू राहा. ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१ होतो, मर्यादा ओलांडतो आणि सहसा ऋण होऊन बसतो. मग अट कधी खोटी ठरतच नाही. भाजक वाढत वाढत खुद्द त्या संख्येपर्यंत पोचतो, बाकी शून्य येते, झालं! वर्ग करूच नका. भाजकाची तुलना ‘संख्या भागिले भाजक’ याच्याशी करा.

एक्सेलमध्ये तर हा उद्योग नकोच. २चा ६१वा घात वजा १, म्हणजे २३०५८४३००९२१३६९३९५१, ही मूळ संख्या तिथे टाकून बघा: पंधरा अंकांनंतर सगळी शून्यं. डबलमध्येही (दशांश संख्या ठेवायचा टाइप) तीच रड. तिथे ती गोल होऊन थेट २चा ६१वा घात बनते, म्हणजे चक्क सम!

घात मूळ आहे म्हणून उत्तर मूळ असं समजू नका. २चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते २३ × ८९. अशा मूळ संख्यांची यादी करणारा फ्रेंच गणिती मर्सेन खुद्द १६४४ च्या त्या यादीत ६७व्या घाताला फसला होता.

भागाकार करत बसायचं नाही म्हणून फर्माची चाचणी (एक आधार घ्या, त्याचा ‘संख्या वजा १’ इतका घात करा, संख्येने भागून बाकी १ आली की पास) लावणार असाल, तर २ या आधारावर ३४१ (११ × ३१) पास होते. आधार बदलूनही ५६१ (३ × ११ × १७) सुटते. तिच्याशी सामाईक अवयव नसलेला कुठलाही आधार घ्या, ती मूळ असल्याचाच आव आणते. त्यापेक्षा मिलर-रॅबिन ही त्याच चाचणीची कडक आवृत्ती वापरा. ६४ बिटांपर्यंत २ ते ३७ मधल्या बारा मूळ संख्या आधार म्हणून घेतल्या की उत्तर पक्कं, अंदाज नव्हे. मात्र मधला गुणाकार १२८ बिटांतच करा, नाहीतर इंटचीच गोष्ट परत.